पिवळ्याधमक डाळीमागचा रंग

मेटॅनिल यलो हा कापड, चामडे आणि कागद रंगवायचा रंग. उंदरांवरच्या प्रयोगांत यकृतावर आणि मेंदूवर त्याचे दुष्परिणाम दिसले आहेत. अन्नात तो वापरायला भारतात मुळीच परवानगी नाही. तरी हळद, जिलेबी, बुंदीचे लाडू यांत तो पुन्हापुन्हा सापडतो.

रायपूरच्या परिसरात प्रश्न डाळीचा आहे. छत्तीसगडमध्ये भात उभा असतानाच ओल्या बांधीत तिवडा हे कडधान्य फेकून पेरतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. विदर्भात याच पिकाला लाखोळी म्हणतात. तिवडा तुरीपेक्षा स्वस्त, पण त्यातल्या ओडॅप या द्रव्यामुळे महिनोन्‌महिने तोच मुख्य आहार झाला तर पाय लुळे पडतात. म्हणून 1961 साली त्याच्या विक्रीवर बंदी आली, आणि 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती राहिली. लागवड मात्र थांबली नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ओडॅप कमी असलेला ‘महातिवडा’ हा वाणही काढला. तिवड्याची डाळ चौकोनी, एका बाजूला उतरती असते. पिवळा रंग चढवला की ती तुरीत बेमालूम मिसळते. इथे रंग नुसता सजावटीचा राहत नाही, तो दुसरी भेसळ लपवतो.

कायदा रंगाबरोबर पदार्थही पाहतो. टार्ट्राझीन, सनसेट यलो, एरिथ्रोसीन असे आठच कृत्रिम रंग मान्य आहेत, तेही मिठाई, आइस्क्रीम, बिस्किटे अशा ठरावीक पदार्थांत, साधारणपणे किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत. डाळीत मान्य रंगही चालत नाही.

किलोमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादाही सैलच म्हणावी लागेल. एरिथ्रोसीनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेले दैनंदिन प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 15 किलोच्या मुलाला दीड मिलिग्रॅम. मर्यादेपर्यंत रंग घातलेल्या बर्फीच्या 15 ग्रॅमच्या वडीत तेवढा भरतो. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये या रंगाची अन्नातली परवानगी रद्द केली.

पुन्हा डाळीकडे वळू. मेटॅनिल यलो तीव्र आम्लात लालसर होतो. डाळ भिजवलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गुलाबी छटा आली तर संशयाला जागा आहे. हळद आम्लात आपणहूनच गुलाबी होते, पण पाणी घातल्यावर ती छटा जाते, मेटॅनिलची टिकते.

कायदेशीर पुरावा मात्र प्रयोगशाळेचाच. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. तसा इरादा दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावा लागतो; माल नियमबाह्य ठरला तर शुल्क परत मिळते.