महिनाभर व्हीगन राहून पाहायचंय? आधी एवढं समजून घ्या

"अम्मी, पुढचा महिनाभर मी मटण, मासे, अंडी, दूध काहीच खाणार नाही."

कॉलेजातून आलेल्या लेकीने दस्तरखानावर बसून असं जाहीर केलं की आपल्या घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. अम्मी आधी कपाळाला हात लावून ताप बघते. दादी विचारते, "कुणी काही बोललं का गं तुला?" अब्बा म्हणतात, "हलाल आहे, मग नको कशाला?" भाऊ तिच्या ताटातली बोटी उचलून आपल्या ताटात घेतो. आणि बघता बघता विषय जेवणावरून थेट ईमानावर जातो.

खरं तर यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. हा आहार नेमका काय आहे? दीनच्या दृष्टीने त्यात काही अडचण आहे का? आणि तब्येतीला तो झेपेल का? हे तिन्ही एकत्र कालवले की फक्त भांडण होतं. म्हणून एकेक बघूया.

व्हीगन म्हणजे शाकाहारी नव्हे

शाकाहारी माणूस दूध, दही, तूप, पनीर खातो. व्हीगन माणूस प्राण्यापासून मिळणारं काहीच घेत नाही. मांस-मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध-तूप नाही, मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या साथीदारांनी तेव्हा 'व्हीगन सोसायटी' काढली. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं. पाकिटावरचा नेहमीचा हिरवा ठिपका फक्त 'शाकाहारी' एवढंच सांगतो, त्या पदार्थात दूध असू शकतं.

लोक हा आहार का निवडतात? कुणाला जनावरांच्या हालांचं वाईट वाटतं. कुणाला पर्यावरणाची चिंता असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचं म्हटलं होतं. कुणाला तब्येतीची काळजी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. पण एक लक्षात ठेवा, बटाट्याचे वेफर्स आणि कोला हेही व्हीगन असू शकतात. नुसत्या नावाने तब्येत सुधारत नाही.

दादीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका

"कुणी काही बोललं का?" या प्रश्नामागे अनुभव आहे. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधताना 'नॉनव्हेजवाले चालणार नाहीत' हे आपल्यातल्या अनेकांनी ऐकलंय. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि त्याची झळ खाटीक, कातडी कामगार, गरीब गिऱ्हाईक अशा कितीतरी जणांना बसली. आपल्या ताटाकडे बोट दाखवलं जात असताना घरातलंच कुणी मांस सोडतो म्हणालं, तर थोरांना धास्ती वाटणारच.

म्हणून फरक नीट ओळखायला हवा. दुसऱ्याच्या दबावाखाली ताट बदलणं वेगळं आणि स्वतःच्या विचाराने काही दिवस वेगळं खाऊन बघणं वेगळं. व्हीगन विचार तर तूप-दुधालाही नाही म्हणतो, म्हणजे तो 'पवित्र-अपवित्र' वाल्या शाकाहारापेक्षा निराळाच आहे. लेकीने हे घरात शांतपणे सांगितलं, तर अर्धं वादळ तिथेच शमेल.

दीन काय सांगतो?

इस्लाममध्ये हलाल मांस खाण्याची मुभा आहे, रोज खाण्याची सक्ती नाही. एखाद्याला आवडत नाही, पचत नाही किंवा काही काळ नको वाटतं म्हणून कुणी मांस खाल्लं नाही, तर त्यात गुन्हा नाही. अडचण येते ती नियतीची. अल्लाहने हलाल केलेल्या चांगल्या वस्तू स्वतःवर हराम ठरवू नका, असा आदेश सूरह माइदाच्या ८७ व्या आयतीत आहे. 'मी सध्या खात नाही' आणि 'हे खाणंच पाप आहे' या दोन वाक्यांतलं अंतर इथे महत्त्वाचं आहे. पहिलं तुमची निवड आहे. दुसरं म्हणणं आपल्याला शोभत नाही. सूरह नहलमध्ये दूध आणि मध या अल्लाहच्या नेमती म्हणून सांगितल्या आहेत, हेही ध्यानात असू द्या.

दुसऱ्या बाजूने, मांसाशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही, ही सवयही काही सुन्नत नव्हे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या घरात खजूर, जवाची भाकरी, सिरका असं साधं खाणं असे आणि त्यांना दुधी आवडत असे, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मांसाच्या चटकेपासून सावध राहायला सांगितल्याची रिवायत इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आहे.

मग कुर्बानीचं काय? हनफी मतानुसार ऐपतदारावर ती वाजिब आहे. कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत, त्यांच्याकडे ती सुन्नत-ए-मुअक्कदा आहे. जेवणातल्या प्रयोगामुळे ही जबाबदारी संपत नाही. मात्र कुर्बानीचं गोश्त स्वतः खाणं मुस्तहब आहे, फर्ज नाही. ते नातेवाइकांना, गोरगरिबांना वाटता येतं. बारीकसारीक मसल्यासाठी आपल्या आलिमांना विचारावं.

आपल्या घरात आधीच किती आहे!

व्हीगन म्हटलं की महागडं बदामाचं दूध आणि परदेशी चीज डोळ्यांसमोर येतं. त्याची काही गरज नाही. मराठवाड्यातले बगारे बैंगन आणि मिर्ची का सालन शेंगदाणे, तीळ, खोबरं, चिंच यांवर बनतात. खट्टी दाल, खिचडी-खट्टा, भाज्यांची तहारी तेलात केली की झालं. कोकणात वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, घावणे, नारळाच्या दुधाची सोलकढी हे सगळं जवळपास तसंच्या तसं चालतं. खिचड्यात गहू आणि डाळी असतातच. बोटीऐवजी मशरूम किंवा सोयाबीन वड्या घातल्या तर चव वेगळी लागेल, पण पोट भरेल. अम्मीला दोन वेगळे स्वयंपाक करायला लावू नका. डाळ-भाजी सगळ्यांसाठी एकच करायची आणि तुपाची फोडणी वरून ज्याला हवी त्याने घ्यायची.

सगळ्यात अवघड जातो तो चहा. दुधाचा चहा सोडणं मटण सोडण्यापेक्षा कठीण, असं बरेच जण सांगतात. सुलेमानी चहा लिंबू-पुदिना घालून करून बघा. नान, शीरमाल, बेकरीची बिस्किटं, नानकटाई यांत दूध, लोणी किंवा तूप असतं, ते विसरू नका.

खरी काळजी : बी-१२

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. पालेभाजी, डाळ, आंबवलेलं इडलीचं पीठ किंवा स्पिरुलिना, कशावरही विसंबून राहता येत नाही. प्रौढ माणसाला रोज अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतात, पण तेवढे लागतातच. कमी पडलं तर हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल होणं, विसराळूपणा असा त्रास सुरू होतो. दुर्लक्ष केलं तर मज्जातंतूंचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

शरीरात याचा साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही. 'मला तर काही झालं नाही' ही फसगत तिथेच होते. त्यात आपल्याकडे अनेकांचा साठा मुळातच तोकडा असतो. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. गरोदर आईच्या बी-१२ चा संबंध पुढे बाळाच्या तब्येतीशी असल्याचंही त्यांच्या कामातून समोर आलं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी-१२ घटू शकतं.

उपाय सोपा आहे. सुरू करण्याआधी रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या. गोळ्यांमधलं बी-१२ जिवाणूंच्या मदतीने तयार होतं, प्राण्यांपासून नाही. फक्त कॅप्सूल असेल तर तिचं आवरण जिलेटिनचं आहे का, ते विचारा. हा प्रश्न व्हीगनसाठी जितका आहे, तितकाच हलालसाठीही आहे.

बाकीचं पोषण

प्रथिनं: साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात. वाटीभर शिजलेल्या डाळीत ६-७ ग्रॅम मिळतात, म्हणजे एका वाटीने भागत नाही. हरभरा, राजमा, मटकी, शेंगदाणे, सोयाबीन यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

लोह: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आहे. मांसातलं लोह शरीर सहज शोषतं, वनस्पतींमधलं तितकं नाही. म्हणून डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा किंवा पेरू ठेवा आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नका.

कॅल्शियम: दूध बंद केलं तर नाचणी आणि तीळ हवेतच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माशांऐवजी जवस आणि अक्रोड खा, आणि मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि प्रमाण हळूहळू वाढवा.

व्हीगन आहे, पण हलाल आहे का?

इथे अनेकांची गल्लत होते. व्हीगन पदार्थात प्राण्याचं काही नसतं, पण मद्य असू शकतं. व्हॅनिलाचा अर्क, काही परदेशी सॉस आणि मिठाया यांत अल्कोहोल येतं. उलट, हलाल प्रमाणपत्र असलेल्या बिस्किटात दूध असू शकतं. म्हणून पाकीट उलटून यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन म्हणजे दूध. जिलेटिन म्हणजे जनावराचं हाड-कातडं. ई-१२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई-४७१ वनस्पतीचंही असतं, प्राण्याचंही.

कुणी स्वतःहून सुरू करू नये

गरोदर आणि दूध पाजणाऱ्या माता, लहान मुलं, मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि ज्यांचं रक्त आधीच कमी आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी बदामाचं, सोयाचं, नारळाचं दूध कधीही देऊ नका.

दावतीत काय करायचं?

पहिलाच प्रयोग रमजानमध्ये किंवा घरातल्या लग्नाच्या आठवड्यात करू नका. पंधरा दिवस किंवा महिना अशी मुदत ठरवा. दावतीला जायचं असेल तर यजमानांना आधी फोन करून सांगा आणि जाताना एक पदार्थ सोबत न्या. ताटासमोर बसून बिर्याणीवर भाषण देऊ नका. पैगंबर (स.) यांनी कधीही अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं.

हा आदब दोन्ही बाजूंना लागू आहे. लेकीने अब्बांच्या ताटाला नावं ठेवू नयेत आणि अब्बांनी लेकीच्या. महिना संपल्यावर ती पुन्हा शीरखुर्म्याची वाटी उचलेल किंवा उचलणार नाही. तोवर तिची बी-१२ ची गोळी चुकत नाही ना, एवढं अम्मीने बघावं.