कपाटातला एक खण कवितांचा

गटाच्या बैठकीत आम्ही इंग्रजी कवितांच्या पुस्तकांचा विषय काढला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ह्याचा उपयोग काय?" शेळी घेतली तर करडू मिळतं, पुस्तकाचं तसं नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. म्हणून ह्यासाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि कर्जही काढायचं नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी वेगळ्या डब्यात दहा-वीस रुपये टाकत जावं. वर्षाला दोन पुस्तकं झाली तरी पुष्कळ.

जुनी इंग्रजी कविता स्वस्त का मिळते, हे समजून घ्या. आपल्या देशात कवी वारल्यावर साठ वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. मुदत सरली की कुणीही छापू शकतं, मानधन द्यावं लागत नाही. म्हणून शेक्सपियर, वर्ड्‌स्वर्थ, कीट्स यांच्या स्वस्त आवृत्त्या निघतात. मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर आणि पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत त्या हाताला लागतात.

पहिलं पुस्तक एकाच कवीचं घेऊ नये असं आमचं मत आहे. निवडक कवितांचा संग्रह घ्यावा, म्हणजे आपल्याला कोण आवडतं ते कळतं. फ्रान्सिस टर्नर पालग्रेव्ह यांनी १८६१ साली इंग्लंडमध्ये 'गोल्डन ट्रेझरी' काढली, कवी टेनिसन यांच्या सल्ल्याने. त्यात एक नियम होता, हयात कवी घ्यायचा नाही. त्यामुळे जिचं पहिलं मोठं पुस्तक १८६२ साली आलं ती क्रिस्टिना रोझेटी त्यात सापडणार नाही, तिचं वेगळं घ्यावं लागेल. केशवसुतांनी मराठीत आणलेलं चौदा ओळींचं सुनीत म्हणजे इंग्रजीतलं सॉनेटच. शेक्सपियरची अशी १५४ सॉनेटं १६०९ साली छापली गेली. लेकी-सुनांपैकी कुणी बी.ए.ला इंग्रजी घेतलं असेल तर हे तिच्या कामी येईल. पण गाइड घेऊन कपाट भरू नका. गाइडात कविता कमी आणि उत्तरं जास्त.

आता एमिली डिकिन्सनबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण पुस्तक निवडताना इथेच फसायला होतं. ही अमेरिकेतली बाई, जन्म १८३०, मृत्यू १८८६. सुमारे अठराशे कविता लिहिल्या, पण हयातीत छापल्या गेल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. कागद घडी घालून, सुई-दोऱ्याने शिवून तिने घरीच लहान लहान वह्या केल्या होत्या. ती गेल्यावर बहिणीला त्या सापडल्या. आपल्या बहिणाबाईंच्या कविताही त्यांच्यामागेच, १९५२ साली, पुस्तकरूपाने आल्या. ते आठवल्याशिवाय राहत नाही.

डिकिन्सनचं पहिलं पुस्तक १८९० साली निघालं, पण संपादकांनी तिच्या ओळी 'सुधारल्या'. तिच्या आडव्या रेघा काढल्या, काही शब्द बदलले, काही कवितांना स्वतःची शीर्षकं दिली. तिने लिहिलं होतं तसा पाठ तीन खंडांत आला तो थेट १९५५ साली, थॉमस जॉन्सन यांच्या संपादनाखाली. स्वस्त पुस्तकांत बहुधा जुनाच पाठ असतो. ओळखायची खूण सोपी आहे. पान उघडा. कवितांवर शीर्षकं आहेत आणि रेघा जवळजवळ नाहीतच, तर तो सुधारलेला पाठ. ओळींमध्ये जागोजागी आडव्या रेघा दिसल्या तर ती तिची कविता. थोडे पैसे जास्त गेले तरी दुसरंच घ्या, असं आम्ही म्हणू. बाईचं लिहिणं दुसऱ्याने सारखं करून दिलेलं आपण का वाचावं?

आपल्या देशातल्या दोघीही खणात हव्यात. बंगालची तोरू दत्त एकविसाव्या वर्षी गेली, पण १८७६ साली तिचं पुस्तक छापलं गेलं होतं. सरोजिनी नायडूंचा 'द गोल्डन थ्रेशोल्ड' १९०५ सालचा.

जुनं पुस्तक घेताना घाई करू नका. पाठीच्या बाजूला वरून बघा. पानांच्या लहान लहान जुड्या दोऱ्याने शिवलेल्या दिसल्या तर ते टिकेल. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं असेल तर पानं सुटतात. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे दुकानदारापेक्षा लवकर कळतं. पानांचे आकडे सलग आहेत का पाहा, बारीक भोकं असली तर परत ठेवा. एकाला कसर असेल तर ती सगळ्या कपाटाला लागते. अक्षर फार बारीक असेल तर स्वस्त असूनही नको, कंदिलाशी किंवा कमी वोल्टेजच्या दिव्याशी डोळे जातात.

घरी आणल्यावर खाकी कव्हर घाला, वेखंडाचा तुकडा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला मागे ठेवा. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते. उघडीप मिळाली की सावलीत वारं द्या, उन्हात नको, पुठ्ठा वाकतो.

आणि पहिल्या पानावर नाव घाला. स्वतःचं. घर, शेत, गाडी बहुतेक घरांत दुसऱ्याच्या नावावर असतं, हे आपण बचत खातं उघडताना पाहिलंच आहे. कुणी पुस्तक वाचायला मागितलं तर जरूर द्या, पण तारीख आणि सही वहीत घेऊनच, गटाच्या कर्जाची घेतो तशी.