घड्याळाचा काटा हलत नाही, पण घर हलतं : जव्हारच्या पेटीतले जुने कागद जपायचे कसे?

दिवाळी होते, भाताची झोडणी उरकते आणि जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर आवराआवर सुरू होते. भांडी, अंथरूण, तांदळाची गोणी आणि लेकरं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं कामाला निघतात. कुणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी वसई-विरारकडे बांधकामावर. होळीला बरेचजण घरी येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात.

या सगळ्यात घरातली एक वस्तू कुठे ठेवायची हा प्रश्न दरवर्षी येतो. ती म्हणजे पत्र्याची पेटी, किंवा पेटी नसेल तर आढ्याला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत असतो जत्रेत काढलेला आजीचा फोटो, आजोबांचा शाळेचा दाखला, वनखात्याने कधीतरी फाडलेली दंडाची पावती, जुनं रेशनकार्ड.

वरवर पाहता ही रद्दी वाटेल. पण जामसरसारख्या गावातल्या कुटुंबासाठी यातला एखादा कागद म्हणजे दोन एकर जमीन असू शकते. किंवा मुलीची कॉलेजमधली जागा.

हा कागद जपायचा कसा, हे समजून घेण्याआधी थोडं घड्याळाबद्दल बोलू. कारण एक चांगली सवय तिथून उचलता येते.

वर्षातून दोनदा घड्याळ बदलणारे देश

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना हे चांगलं माहीत आहे, कारण पुण्या-मुंबईला फोन करायची वेळ त्या दिवसापासून बदलते.

कारण साधं आहे. विषुववृत्तापासून लांब गेलं की उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत खूप फरक पडतो. लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरमधला जेमतेम आठ तासांचा. उन्हाळ्यातला पहाटेचा उजेड झोपेत वाया जाऊ नये म्हणून घड्याळच पुढे सरकवतात.

जव्हारमध्ये मोठ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा. एवढ्याशा फरकासाठी घड्याळ हलवण्यात अर्थ नाही. तरी भारतात हे झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळं एक तास पुढे होती.

आता कामाची गोष्ट. अमेरिकेत घड्याळ बदलायचा दिवस आला की अग्निशमन खातं लोकांना आठवण करतं, की आजच घरातल्या धुराच्या अलार्मची बॅटरीही बघून घ्या. म्हणजे जे काम एरवी विसरलं जातं, ते वर्षातून दोनदा हमखास येणाऱ्या दिवसाला बांधून टाकलं.

जव्हारमध्ये घड्याळ बदलत नाही, पण वर्षातून दोनदा अख्खं घर बदलतं. एकदा दिवाळीनंतर, एकदा पावसाआधी. पेटी उघडायला याहून चांगले दिवस नाहीत.

एका पावतीत एवढं काय असतं?

२००६ साली वनहक्क कायदा आला. जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींचा त्या जमिनीवरचा हक्क या कायद्याने मान्य केला. अट अशी, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन ताब्यात असली पाहिजे. दावा ग्रामसभेकडे करायचा. तिथून तो उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. मंजूर झाला तर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. नवरा-बायको दोघांच्या नावावर. ही जमीन विकता येत नाही, पण वारसांकडे जाते.

ताबा सिद्ध करायला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. आणि इथेच गंमत आहे. ज्या माणसाला एकेकाळी 'अतिक्रमण केलंस' म्हणून दंड झाला, त्याच दंडाची पावती आज 'मी तेव्हाही ही जमीन कसत होतो' हे सांगते. शिक्षेचा कागद हक्काचा कागद झाला. ज्यांनी तो फेकला नाही, त्यांचं काम सोपं झालं.

कागद नसला तर काय होतं, याची झलक २०१९ मध्ये दिसली. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. देशभर लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

दुसरा कागद म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. शिक्षण, नोकरी किंवा निवडणुकीसाठी राखीव जागा हवी तर जात प्रमाणपत्राची पडताळणी लागते. अनुसूचित जमातींसाठी महत्त्वाची तारीख आहे ६ सप्टेंबर १९५०. त्याआधीच्या कागदावर जमातीची नोंद असेल तर तो पुरावा वजनदार ठरतो. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं, की रूढी-परंपरांची प्रश्नोत्तरं हा जमात ठरवण्याचा एकमेव निकष असू शकत नाही. जुन्या कागदोपत्री पुराव्याचं मोल मोठं आहे. ठाकूर समाज जव्हार-मोखाड्यातही राहतो, त्यामुळे हा निकाल इथल्या घरांसाठी लांबचा नाही.

पणजोबा शाळेतच गेले नसतील तर? तेव्हा गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल कामी येऊ शकते. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या नोंदींची चौकशी करता येते. पण ती नोंद शोधायला पणजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल माहीत हवं. ते कुठे मिळणार? पुन्हा पेटीत. किंवा आजीच्या आठवणीत.

कागद मरतो कसा?

जव्हारच्या घाटमाथ्यावर जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गळकं छप्पर हा उघड शत्रू. पण जास्त नुकसान हवेतला ओलावा करतो. हवा आठवडेच्या आठवडे दमट राहिली की कागदावर बुरशी धरते. मग येते कसर, तिला कागदावरची खळ आवडते. जमिनीवरच्या पेटीला वाळवी लागते, पिशवी उंदीर कुरतडतात.

काही नुकसान मात्र आपण काळजीपोटीच करतो.

लॅमिनेशन हे त्यातलं पहिलं. गरम लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सुटा काढता येत नाही. काढायला गेलं तर फाटतो. आत ओल राहिली असेल तर तीही तिथेच अडकते. उष्णतेने छापली जाणारी गुळगुळीत पावती लॅमिनेट केली तर अख्खी काळी पडू शकते. अशा पावतीवरची अक्षरं तशीही काही वर्षांत उडतात, म्हणून तिची झेरॉक्स लगेच काढावी.

दुसरं म्हणजे चिकटपट्टी. आज फाटलेला कागद जोडते, पण काही वर्षांनी पिवळी पडून अक्षरांसकट निघते.

तिसरं म्हणजे दमट दिवसात पिशवीला गच्च गाठ मारणं. ओल बाहेर ठेवायची म्हणून आपण गाठ मारतो आणि आतली ओल आतच कोंडतो.

पहिला दिवस : पाऊस येण्याआधी

मे महिन्यात कोरडा दिवस बघून पेटी उघडा. कागद सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास पसरा. थेट उन्हात नको, शाई उडते. टाचण्या, स्टेपलर पिना आणि रबर काढून टाका. पिना गंजतात, रबर वितळून चिकटतं.

प्रत्येक कागद शक्यतो उलगडून सपाट ठेवा. घडी पडते तिथेच तो आधी फाटतो. मोठ्या वहीच्या पानांमध्ये एकेक कागद ठेवला तरी काम भागतं. वही धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा, मग पेटीत. नव्या चपलांच्या किंवा बॅगेच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या येतात, त्या फेकू नका, पेटीत टाका. पूर्ण सुकवलेला निंबाचा पाला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवला तर किडे लांब राहतात. ओला पाला मात्र उलट ओल आणेल.

पेटी जमिनीवर नको, कुडाच्या भिंतीला चिकटून नको आणि चुलीच्या वरही नको. माळ्यावर, गळती नसलेल्या बाजूला, खाली दोन लाकडं टाकून ठेवा.

दुसरा दिवस : कामाला निघण्याआधी

इथे प्रश्न वेगळा असतो. काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं?

सोबत हवं ते रोजच्या उपयोगाचं. आधार कार्ड, रेशनकार्ड, लेकराचं लसीकरणाचं कार्ड. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे भिवंडीच्या दुकानातही धान्य घेता येतं. शाळकरी मुलांसाठी शिक्षकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवून मूल कामाच्या गावच्या शाळेत बसू शकतं.

मागे ठेवायचं ते पुन्हा न मिळणारं. दंडाची पावती, जुना दाखला, वनहक्काच्या दाव्याची पोच, जुने फोटो. वीटभट्टीवरच्या झोपडीत आग, पाणी आणि चोरी या तिन्हींची भीती असते. पण बंद घरही सुरक्षित नाही. म्हणून मूळ कागद गावात थांबणाऱ्या माणसाकडे, शक्यतो पक्क्या घरात ठेवा. आणि कोणाकडे काय ठेवलंय याची यादी वहीत लिहा. ते घरातल्या किमान दोघांना माहीत हवं.

फोनमधला फोटो चालतो का?

शोधायला चालतो, सिद्ध करायला नेहमी चालत नाही. तरी काढाच. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, कागदाच्या बरोबर वरून, चारही कडा दिसतील असा. मागची बाजूही घ्या, शिक्के बऱ्याचदा तिथेच असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवा.

डिजीलॉकरबद्दल एक गैरसमज आहे. सरकारी खात्याने डिजीलॉकरमध्ये थेट दिलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसती प्रत असते. आजोबांची पावती दुसऱ्या प्रकारात येते. म्हणून मूळ जपावंच लागतं.

भिजलंच तर?

घाई करा, पण ओढाताण नको. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. ओले कागद चुलीवर शेकू नका, उन्हात टाकू नका. स्वच्छ फडक्यावर किंवा कोऱ्या कागदावर सावलीत सुटे पसरा आणि खालचा कागद बदलत राहा. एकमेकांना चिकटलेली पानं सुकताना आपोआप सुटू द्या.

फोटो चिकटले असतील तर सुके ओढू नका. थंड स्वच्छ पाण्यात थोडा वेळ बुडवले की बहुतेकदा सुटतात. मग चित्राची बाजू वर ठेवून वाळवा. हे फक्त जुन्या स्टुडिओतल्या, धुऊन काढलेल्या फोटोंना लागू आहे. घरच्या प्रिंटरवर छापलेला फोटो पाण्यात घातला तर रंगच जाईल.

जे कागदावर नाहीच

प्रत्येक घरात पेटी असतेच असं नाही. कितीतरी घरांतली जुनी वस्तू म्हणजे बोहाड्याचा मुखवटा किंवा तारपा. मुखवटा प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, त्याला वारा लागू द्या. तारप्याचे जोड मेणाचे असतात, म्हणून तो ऊन आणि चुलीपासून लांब ठेवा.

आणि सगळ्यात जुनी ठेव म्हणजे घरातली म्हातारी माणसं. वनहक्काच्या नियमांत दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. वंशावळही धरली जाते. जुनी विहीर, बांध, दफनभूमी आणि देवाची जागाही धरली जाते. म्हणजे 'ही विहीर कोणी खोदली' हे आजीने सांगणं ही नुसती गोष्ट नाही, ती नोंद होऊ शकते.

म्हणून पेटी उघडाल त्या दिवशी आजीला शेजारी बसवा. प्रत्येक फोटो तिच्या हातात द्या आणि विचारा, हा कोण, कुठला, कधीचा. उत्तर फोटोच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर वहीत उतरवून काढा. आजी नसताना तो फोटो नुसता एका अनोळखी बाईचा फोटो उरतो.

तेव्हा फोनमध्ये आत्ताच दोन आठवणी लावून ठेवा. एक मे महिन्यातली, एक दिवाळीनंतरची. आठवण वाजली की पेटी खाली काढायची.