बोंडल्यातली शिकवणी

एखाद्या आजीच्या कपाटात अजूनही बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं सापडेल. तसंच भांडं नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातही वापरतात. पण तिथं गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ बोट चोखतं, मग त्याला आधी दूध नळीनं का?

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते. गर्दीच्या चौकासारखं, एक बाजू थांबल्याशिवाय दुसरी सुटत नाही. गिळताना श्वास क्षणभर थांबावा लागतो. चोखणं, गिळणं, श्वास हा ताल मेंदूला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी घाई केली, तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती.

तोवर सराव चालतो. नळीतून दूध उतरत असताना बाळाला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनावर चोखू देतात. आईचं दूध कमी पडलं तर दूधपेढी मदतीला येते. १९८९मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली पेढी देशातली पहिली. केवढं मोलाचं काम!

मग बोंडलं. त्याची चोच ओठांच्या कडेला टेकवायची, थोडं दूध सोडायचं. बाळानं गिळलं, श्वास घेतला, की पुढचा घोट. थकलं की ते तोंड फिरवतं, बोटं ताणतं. परिचारिका लगेच हात थांबवते.