खिडकी बसवणं ही कला आहे, आणि ती शिकता येते

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे शिरूर-दौंड भागात घरांची कामं वाढली. दारं-खिडक्या नीट बसवणारा हात मात्र पटकन मिळत नाही. मला या कामाचं फार अप्रूप आहे, म्हणून थोडं सांगतो.

चांगला फिटर माप तीन ठिकाणी घेतो: वर, मध्ये, खाली. त्यातलं सगळ्यात कमी माप धरतो, कारण भिंत क्वचितच सरळ असते. मग दोन्ही कर्ण मोजतो. ३ बाय ४ फुटांच्या चौकटीचा कर्ण बरोबर ५ फूट यायला हवा. दोन कर्णांत दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक आला तरी सरकती खिडकी अडकू लागते. ओळंबा, गुण्या, लेव्हल यांच्याशिवाय स्क्रू लावायचाच नाही! ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने असलेली बारीक भोकं सिलिकॉनने बुजवणारे पाहिलेत मी. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. बुजली की पाणी घरात.

शिकायचं असेल तर आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास पुरते. परंपरेने सुतारकाम करणाऱ्यांना २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. बाकीचं शिक्षण उस्तादाच्या हाताखालीच होतं.

ओळखीत कुणी होतकरू मुलगा-मुलगी असेल तर ही पोस्ट जरूर पाठवा.