समस्येतून शिकणारी परिचारिका

आपल्या धार-देवासकडील शेतकरी घरांतील मुली नर्सिंग शिकावयास जातात. सुट्टीत घरी आल्या की त्यांची एक तक्रार कानी येते : "मॅडम शिकवीत नाहीत, प्रश्न देतात आणि तुम्हीच शोधा म्हणतात." सोयाबीन विकून फी भरलेल्या बापाला धसका बसतो. पोरीचे गुण घटले तर? ही भीती कितपत खरी, ते पाहू.

या पद्धतीला समस्याधिष्ठित अध्ययन म्हणतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ती सुरू केली आणि पुढे ती परिचर्येच्या शिक्षणातही आली. आधी धडा व मग रोगी, हा जुना क्रम. येथे आधी रोगी.

समजा, आठदहा मुलींच्या गटापुढे असा प्रसंग ठेवला : कुक्षीकडचा एक मजूर कपाशीवर औषध फवारून आला आहे. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. काय झाले असावे? आधी काय कराल? मुली पुस्तके धुंडाळतात आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन येतात. हे ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे विष. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नेणारे द्रव्य काम झाल्यावर विरघळायला हवे, ते या विषामुळे साचून राहते. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर ॲट्रोपिन देतात.

मग शिक्षिका प्रसंगाचा दुसरा भाग सांगते. तिसऱ्या दिवशी रोगी बोलतो आहे, घरचे त्याला नेण्याची भाषा करतात, पण त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. लक्षणांची नुसती यादी पाठ केलेली मुलगी म्हणेल, अशक्तपणा आहे. स्नायू कसे थकतात हे जिला उमगले, ती ओळखेल की आता श्वासाचे स्नायूही थांबू शकतात, आणि धावत डॉक्टरांना बोलावील. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही.

आता गुणांचे. १९९३ साली आणि पुन्हा २००३ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ते अभ्यास मुख्यतः वैद्यकीय विद्यार्थ्यांचे होते. निव्वळ माहितीच्या परीक्षेत ही मुले इतरांच्या बरोबरीने किंवा किंचित मागे राहिली, पण रोग्यापाशी ज्ञान वापरण्यात पुढे होती. शिकलेले त्यांच्या ध्यानातही अधिक काळ राहिले. म्हणजे बापाची भीती अगदीच खोटी नाही. विद्यापीठाचा लेखी पेपर ७५ गुणांचा व अंतर्गत २५ असतील, तर पुस्तकही नीट वाचलेच पाहिजे. आणि प्रश्न फेकून चहाला निघून जाणे ही काही अध्यापनपद्धती नव्हे, तो आळस झाला. शिक्षिकेला येथे व्याख्यानापेक्षा जास्त तयारी लागते.

माझ्या मते खरी अडचण भाषेची आहे. पुस्तके इंग्रजीत, घरी मराठी, माळवी नाहीतर भिलाली. गटात धीट मुली बोलतात, खेड्यातली गप्प बसते. वास्तविक फवारणीचा पंप पाठीवर कसा गळतो, हे वर्गात तिलाच सर्वांत चांगले ठाऊक! तिला आपल्या भाषेत बोलू दिले तर तिचा उपयोग सर्वांना होईल.

हे आपल्या लोकांना जमणार नाही असे समजू नका. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रिया आपल्या गावातील अडचण घेऊन तेथे येत, चर्चा करीत आणि शिकून परत जात. त्यांतूनच गावांना आरोग्यसेविका मिळाल्या. प्रभूनेही "माझा शेजारी कोण?" असे विचारणाऱ्या शास्त्र्याला व्याख्या सांगितली नाही. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली आणि उलट त्यालाच प्रश्न केला.

मुलगी घरी येईल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर हेही विचारा : फवारताना कुणाला भोवळ आली, तर काय करायचे? तिच्या उत्तरात एवढे तरी हवे. त्याला शेताबाहेर न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि धुणाऱ्याने हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी वापरावी. मुद्दाम वांती करवू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात सोबत न्यावी.