शेतकऱ्याचे छोटे घर : पाया खोदण्यापूर्वी आखणी

कांद्याची लागवड करताना आपण जमिनीचा उतार पाहतो, सरीची दिशा ठरवतो, पाणी कोठून येणार आणि कोठे निघणार याचा विचार करतो. घराच्या बाबतीत मात्र पुष्कळदा गवंडी येतो, चार खुंट्या ठोकतो आणि पाया खोदायला सुरुवात होते. कांद्याची सरी चुकली तर पुढच्या हंगामात बदलता येते, भिंत चुकली तर ती दोन पिढ्या तशीच राहते.

चाकण परिसरात हा विषय आता अधिक जिव्हाळ्याचा झाला आहे. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली. औद्योगिक वसाहतीचे एकामागून एक टप्पे आले आणि खेड तालुक्यातील अनेक कुटुंबांची जमीन संपादनात गेली. हाती आलेल्या पैशातून पहिली गोष्ट उभी राहते ती घर. पूर्वीची बाजरी, बटाटा, कांदा पिकवणारी जमीन कमी झाली, तरी उरलेली शेती, एक-दोन दुभती जनावरे आणि कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा असे मिश्र कुटुंब आजही येथे आहे. घराची आखणी मात्र पिंपरी-चिंचवडच्या सदनिकेवरून उचललेली असते. त्यात पोते ठेवायला जागा नसते, चिखलाचे पाय धुवायला मोरी नसते आणि म्हाताऱ्या आईची खोली वरच्या मजल्यावर जाते. मोबदल्याची रक्कम एकदाच मिळते. तिच्यातील मोठा वाटा ज्या भिंतींत जातो, त्या भिंती कुटुंबाच्या कामाला याव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी माणसे आणि कामे मोजा

खोल्यांची यादी करू नका, कामांची करा. पहाटे धार कोण काढतो, रात्रपाळीचा मुलगा दिवसा कोठे झोपतो, पाहुणे आले की किती जण जेवायला बसतात, वर्षाची ज्वारी-बाजरी किती पोती लागते, हे घरातील बायकांसह बसून वहीत लिहा. बायकांसह असे मुद्दाम म्हणतो, कारण घरात सर्वांत जास्त चालणे त्यांचे होते आणि आखणीच्या वेळी त्यांना विचारले जाते सर्वांत कमी.

किल्लारीचा अनुभव येथे ध्यानात घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौ. फुटांची घरे देण्यात आली. घरे मजबूत होती, पण जनावरे, चूल, धान्य आणि अंगणातील बसणे-उठणे यांचा मेळ पूर्वीच्या वाड्यांसारखा बसला नाही. पुढे लोकांनी आपापल्या परीने पत्र्याची छपरे, चुलीचे आडोसे आणि गोठे जोडून घेतले. मागाहून केलेली जोडणी गळते, उजेड अडवते आणि खर्चही वाढवते. आपल्याला जोड लावायची असेल तर तिची जागा आजच कागदावर दाखवावी.

खोल्यांचे किमान माप राष्ट्रीय बांधकाम संहितेत दिलेले आहे. मुख्य खोली ९.५ चौ. मीटर (सुमारे १०२ चौ. फूट) व रुंदी २.४ मीटर, स्वयंपाकघर ५ चौ. मीटर (सुमारे ५४ चौ. फूट), छताची उंची २.७५ मीटर म्हणजे ९ फूट. हे किमान आहे, आदर्श नव्हे. आपल्या हवामानात स्लॅबची उंची १० फूट ठेवावी.

ऊन, वारा आणि पाऊस

चाकण सुमारे १८.७५ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. मार्चच्या २१ तारखेला तो ७१ अंशांवर येतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेला जातो. याचा व्यवहारात फायदा असा : दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीवर लगेच वर २ फुटांचा छज्जा काढला, तर मार्चपासून पुढे मध्यान्हीचे ऊन आत येत नाही. डिसेंबरमध्ये मात्र छज्जाची सावली सव्वादोन फूटच खाली येते आणि उरलेल्या खिडकीतून थंडीचे ऊन खोलीत पडते. पश्चिमेला हा उपाय चालत नाही. दुपारनंतरचा सूर्य खाली असतो, तो छज्जाखालून सरळ आत शिरतो. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे पश्चिमेची भिंत आखूड राहते. त्या बाजूला कोठार, न्हाणी, संडास, जिना अशा माणसे कमी वेळ थांबणाऱ्या जागा घालाव्यात.

उन्हाळ्यात व पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. चुलीचा धूर आणि गोठ्याचा वास त्या वाऱ्याबरोबर घरातून न जाता घराबाहेर जावा, असे पाहावे. म्हणजे स्वयंपाकघर पूर्वेच्या बाजूला आणि गोठा ईशान्येला, घरापासून निदान २५ फूट. आग्नेयेला स्वयंपाकघर असावे ही जुनी समजूत आपल्या भागात वाऱ्याच्या हिशोबाशी जुळते. ज्यांना वास्तूचे नियम पाळायचे आहेत त्यांनी जरूर पाळावेत, पण त्यासाठी खोलीची खिडकी बुजवू नये.

एक नमुना आखणी

उत्तरेला रस्ता, तीन पिढ्यांचे सहा-सात माणसांचे कुटुंब आणि पुढे केव्हातरी वरचा मजला, असे धरून ही आखणी दिली आहे. बाहेरून माप ३४.५ फूट (पूर्व-पश्चिम) गुणिले २६ फूट (दक्षिणोत्तर), म्हणजे सुमारे ९०० चौ. फूट. बाहेरील भिंत ९ इंच आणि आतील ६ इंच धरली आहे. आतील सर्व मापे मोकळी आहेत.

घराचे तीन उभे पट्टे पाडा : पूर्वेचा १० फूट, मधला १२ फूट, पश्चिमेचा १० फूट. मधल्या पट्ट्यात उत्तरेला १२ × ८ फुटांची ओसरी आणि तिच्यामागे १२ × १६ फुटांचे माजघर. पूर्वेच्या पट्ट्यात ईशान्येला १० × १२ ची वडीलधाऱ्यांची खोली आणि आग्नेयेला तेवढेच स्वयंपाकघर. पश्चिमेच्या पट्ट्यात वायव्येला १० × १२ ची झोपण्याची खोली, तिच्यामागे १० × ६ चे कोठार आणि दक्षिणेच्या कडेला साडेपाच फूट खोलीची न्हाणी व संडास. न्हाणी साडेपाच फूट रुंद, संडास ४ फूट. घराच्या मागे, दक्षिणेला, मधला व पश्चिमेचा पट्टा व्यापणारी ६ फुटांची पडवी काढा. न्हाणी-संडासाची दारे या पडवीत उघडतील, त्यामुळे ती ओसरीतल्या पाहुण्यांच्या नजरेसमोर येत नाहीत आणि शेतातून आलेला माणूस मागच्या मागे हातपाय धुऊन आत येतो.

या आखणीत बोळ नाही, म्हणजे जागा वाया जात नाही. पण त्याची किंमत माजघराला द्यावी लागते, कारण त्याला सहा दारे होतात. येथेच बहुतेक घरे बिघडतात. दारे भिंतीच्या मधोमध आली तर १९२ चौ. फुटांच्या माजघरात एक कपाटही धड लागत नाही. म्हणून पुढचे व मागचे दार एका रेषेत, पण पश्चिमेच्या भिंतीला धरून ठेवा. झोपण्याच्या खोलीचे व कोठाराचे दार त्याच बाजूला येते, त्यामुळे साडेतीन फुटांची वाट सरळ निघते. पूर्वेच्या भिंतीत वडीलधाऱ्यांच्या खोलीचे आणि स्वयंपाकघराचे दार शेजारी-शेजारी, उत्तरेच्या टोकाला घ्या. आता माजघराचा आग्नेय भाग, सुमारे साडेआठ फूट गुणिले ९ फूट, कोणाच्याही वाटेत येत नाही. तेथे जेवणाची पंगत बसते, रात्री पाहुण्यांचे अंथरूण पडते. झोपण्याच्या खोलीला माजघराशी लागून भिंत फक्त साडेतीन फूटच मिळते. तेथे ३ फुटांचे दार चौकटीसह बसवताना गवंड्याला आधी सांगून ठेवावे.

माजघराला थेट बाहेरची खिडकी नाही, पुढे ओसरी व मागे पडवी आहे. म्हणून ओसरीकडे मोठी खिडकी घ्यावी आणि पडवीवर कौले असतील तर त्यांत चार-पाच काचेची कौले बसवावीत. समोरासमोरच्या दारांमुळे वारा खेळता राहतो.

वडीलधाऱ्यांची खोली पुढे ठेवण्यात मोठे सुख आहे. येणारे-जाणारे दिसतात, दोन शब्द बोलता येतात. शक्य तर त्या खोलीला ओसरीकडे दुसरे दार द्यावे. तेथून संडासापर्यंत वाटेत एकही पायरी येऊ देऊ नका. पडवीची पातळी घराएवढीच ठेवा, उंबरे सपाट करा आणि संडासात भिंतीला पकडायची दांडी बसवा. आज हे काम अल्प खर्चात होते.

स्वयंपाकघराचा ओटा पूर्वेच्या खिडकीखाली घ्यावा, म्हणजे सकाळी उजेड मिळतो. त्याची उंची ठराविक मापाने न घेता, स्वयंपाक करणारीच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली घ्यावी. दक्षिणेला परसात उघडणारे दार ठेवावे. बायोगॅस करावयाचा असल्यास २ घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. तेवढी जनावरे असतील तरच त्याची जागा गोठा व स्वयंपाकघर यांच्यामध्ये, उन्हात आखून ठेवा.

कोठाराला पश्चिमेची भिंत लागते. पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. बाहेरून गिलावा चांगला करून घ्या आणि पोती भिंतीपासून एक फूट सोडून फळ्यांवर रचा. या कोठारात खते व कीटकनाशके कधीही ठेवू नयेत. त्यांच्यासाठी घराबाहेर कुलपाची वेगळी पेटी किंवा खोली हवी. कांदाही घरात नको. चाळ स्वतंत्र बांधावी : एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम. त्याची माहिती राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयात मिळते.

रस्ता दक्षिणेला असेल तर सगळा नकाशा फिरवू नका. स्वयंपाकघर पूर्वेला आणि न्हाणी पश्चिमेलाच राहू द्या, फक्त ओसरी व पडवी यांची अदलाबदल करा. रस्ता पश्चिमेला असल्यास घराला वळसा घालून प्रवेश उत्तरेकडूनच घ्यावा.

जिना आणि भाड्याच्या खोल्या

जिना बाहेरून, पश्चिमेच्या भिंतीला लागून साडेतीन फूट रुंद ठेवावा. भिंतीच्या काही भागाला सावली मिळते आणि वरच्या मजल्याला स्वतंत्र वाट राहते. पुढे भाऊ वेगळे झाले तर घर मधून चिरावे लागत नाही. हा विषय घरात काढणे अवघड असते, तरी तो पायाच्या आधी काढलेला बरा. वरचा मजला कधी होणार असेल तर पाया, खांब आणि सळई त्या हिशोबाने अभियंत्याकडून ठरवून घ्या. एका मजल्याच्या पायावर दुसरा मजला चढवणे धोक्याचे आहे.

चाकणला कामगारांची मागणी असल्यामुळे भाड्याच्या खोल्यांचा मोह सर्वांनाच होतो. उत्पन्न म्हणून ते योग्यच आहे. पण त्या राहत्या घराला चिकटवू नयेत. रस्त्याच्या कडेला स्वतंत्र ओळ, स्वतंत्र संडास व स्वतंत्र वीजमीटर असावा. सात माणसांसाठी केलेल्या शोषखड्ड्यावर वीस माणसांचा भार पडला की घाण पाणी विहिरीकडे जाते. शोषखड्डा विहीर किंवा कूपनलिकेपासून निदान ६० फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा.

जमिनीवर आखून पाहा

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत न्यावा. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच हवे. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा. भूकंपात भिंती एकत्र बांधून ठेवण्याचे काम तो करतो. स्लॅबवरचे पाणी वाया घालवू नका. ९०० चौ. फुटांवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी आठशे लिटरहून जास्त पाणी जमा होते, ते गाळून कूपनलिकेच्या पुनर्भरणाला देता येते.

खोदाईपूर्वी फक्की टाकून संपूर्ण घर प्रत्यक्ष जागेवर आखा. काटकोनासाठी दोरीवर ६, ८ आणि १० फुटांचा त्रिकोण करा. बाहेरील चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ३४.५ × २६ फुटांच्या चौकटीत प्रत्येक कर्ण ४३ फूट अडीच इंचांच्या आसपास आला पाहिजे. दोन कर्णांत फरक आला तर चौकट तिरकी आहे. मग आखलेल्या खोल्यांत खाट, कपाट, दोन पोती प्रत्यक्ष नेऊन ठेवा. घरातील बाईला स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत हंडा घेऊन चालू द्या, आजीला खोलीपासून संडासापर्यंत जाऊ द्या. कागदावर न दिसलेली अडचण येथे दिसते, आणि फक्की पुसायला पैसे लागत नाहीत.

बांधकामाची परवानगी कोणाकडून घ्यायची हे जागेवर अवलंबून आहे. चाकणच्या हद्दीत नगरपरिषद, आसपासच्या गावांत पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आणि औद्योगिक वसाहतीच्या क्षेत्रात महामंडळ. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि रस्त्यापासून सोडावयाचे अंतर आधी तपासून घ्या. ठेकेदाराशी लेखी करार करताना त्याला नकाशाची प्रत जोडा. त्या प्रतीवर प्रत्येक दाराची जागा कोपऱ्यापासून फुटा-इंचांत लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैशाचे हप्ते जोते, लिंटल, स्लॅब आणि गिलावा असे टप्प्याने ठरवावेत, आणि जोत्याचा हप्ता कर्ण पुन्हा मोजल्यावरच द्यावा.